देवमाशाचे पाय

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तू आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंस, तेव्हा त्यातलंच काहीतरी बोल. दुसरी, वीस मिनिटांच्या वर जाऊ नकोस, साडेबाराला पानं मांडायची आहेत. दुसरी सूचना जास्त जोर देऊन केली होती. माशाचं जेवण आणि मी यांच्यामध्ये फार वेळ उभा राहणाऱ्या वक्त्याचं काय होतं हे मला ठाऊक आहे. म्हणून विषयही जेवणाच्या जवळचाच घेतलाय. फक्त हा मासा मासा नाही.

१९७६ सालची गोष्ट. आपण आठवीत होतो. गणपती नुकतेच गेले होते, समुद्र अजून खवळलेला होता. एका सकाळी गावभर झालं की किनाऱ्याला देवमासा लागलाय. विज्ञानाच्या सरांनी हजेरी घेतली, फळ्यावरचा धडा पुसला आणि म्हणाले, "चला." मुख्याध्यापकांना विचारलं होतं की नाही, देव जाणे. बेचाळीस मुलं नाकाला रुमाल लावून वाळूत उभी राहिली. पस्तीस-चाळीस फुटांचं ते धूड मरून बरेच दिवस झाले असावेत. ज्यांना त्या दिवशीचा वास आठवतो त्यांनी हात वर करावा. बघा, निम्मा हॉल!

सरांनी छत्रीच्या टोकानं एक गोष्ट दाखवली. पुढचा पर एका जागी फाटला होता आणि आतली हाडं दिसत होती. सर म्हणाले, "हा खांद्याकडचा भाग, हे कोपर, हे मनगट, ही बोटं. तुमच्या हातात आहेत तीच हाडं." माशाच्या परात असं काही नसतं. देवमासा फुफ्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, म्हणून तो सस्तन प्राणी. हे पुस्तकात होतंच.

तेवढ्यात मागून एक आवाज आला, "सर, ह्येची शेपटी आडवी आसा. बांगड्याची उभी आसता."

आपण सगळे हसलो. शेपटी आडवी काय, उभी काय! बोलणारा मुलगा रापणकराचा. शेवटच्या बाकावर बसायचा, पहाटे रापण ओढून यायचा आणि तिसऱ्या तासाला पेंगायचा. त्याचं नाव मी घेणार नाही, कारण तो आज समोर बसलाय आणि त्यानं मला सकाळीच दम भरलाय. हसलो नाहीत ते एकटे सर. ते शेपटीकडे चालत गेले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खरंच की रे. का बरं असेल?" मग आणखी कोणीतरी विचारलं, जमिनीवरचा प्राणी पाण्यात गेला कसा? सर म्हणाले, "मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर येऊन सांगा."

सर आज नाहीत. पण उत्तर आता सापडलंय, आणि ते त्यांच्या हयातीतच हळूहळू सापडत गेलं. ते आज मी तुम्हाला सांगणार आहे.

सरांना माहीत नव्हतं यात त्यांचा दोष नव्हता, कारण तेव्हा जगात कोणालाच नीट माहीत नव्हतं. चार्ल्स डार्विननं १८५९ च्या आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडून पाहिली होती. उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल तोंड उघडं टाकून तासन् तास पोहतं आणि पाण्यातले किडे पकडतं. अशा अस्वलांपासून पिढ्यान् पिढ्यांनंतर देवमाशासारखा प्राणी होणं त्याला अशक्य वाटत नव्हतं. लोकांनी इतकी टिंगल केली की पुढच्या आवृत्त्यांत त्यानं तो मजकूर छाटून टाकला. अस्वल चुकीचं होतं. पण जमिनीवरून पाण्यात, ही दिशा बरोबर होती.

मग पुरावा कुठे शोधायचा? इथे थोडा भूगोल लागेल. पाच कोटी वर्षांपूर्वी हिमालय आजच्यासारखा नव्हता. भारताचा तुकडा दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला भिडत होता आणि दोघांच्या मध्ये टेथिस नावाचा उथळ, उबदार समुद्र आकसत चालला होता. आज जिथे पाकिस्तानातल्या टेकड्या, जम्मू, हिमाचल आणि कच्छ आहे, तिथे तेव्हा त्या समुद्राचे किनारे, खाड्या आणि नद्या होत्या. गंमत म्हणजे आपल्या घाटातला काळा कातळ त्याही आधीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. देवमाशाचे पूर्वज चार पायांवर चालत होते तेव्हा सह्याद्रीचा दगड घडून दीड कोटी वर्षं उलटली होती.

१९८१ मध्ये अमेरिकेचे फिलिप गिंगरिच आणि फ्रान्सचे डोनाल्ड रसेल यांनी पाकिस्तानात सापडलेल्या एका कवटीचं वर्णन प्रसिद्ध केलं. प्राणी लांडग्याएवढा, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा. नाव दिलं पाकिसेटस, म्हणजे पाकिस्तानचा देवमासा. लांडग्याएवढ्या प्राण्याला देवमासा कसं म्हटलं? कानावरून.

आपल्या कानाच्या पडद्यामागे हाडाची पोकळी असते. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्या हाडाची भिंत अंड्याच्या कवचासारखी पातळ असते. देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात मात्र तिची आतली बाजू जाड असते, मुरड घातलेल्या करंजीच्या काठासारखी. हाडाची ही मुरड देवमाशाच्या घराण्याची खूण आहे. ती पाकिसेटसच्या कानात होती.

सुरुवातीला फक्त कवटी हाती होती, तेव्हा चित्रकारांनी पाकिसेटस अर्धा जलचर दाखवला, पाण्यात मासे पकडणारा. २००१ मध्ये बाकीची हाडं प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की त्याला चांगले लांब, सडपातळ पाय होते. सगळी चित्रं पुन्हा काढावी लागली. सर आपल्याला म्हणायचे, "चुकलं तर लाज नाही, खोडा आणि पुन्हा लिहा." या सगळ्या कहाणीत खोडरबर फार वापरला गेलाय, ते पुढे येईलच.

पुढची पायरी १९९४ ची. हान्स थेविसन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी ॲम्ब्युलोसेटस जाहीर केला. नावाचा अर्थच 'चालणारा देवमासा'. लांबी सुमारे दहा फूट, लांब जबडा, आखूड पाय पण पंजे मोठाले. जमिनीवर कसाबसा चालायचा, पाण्यात मोठ्या पंजांनी मारा करत पोहायचा. नदी जिथे समुद्राला मिळते अशा जागी तो राहत असे. राहणी साधारण सुसरीसारखी, दबा धरून बसण्याची.

आता आपल्या देशात येऊ. आपण किनाऱ्यावर नाक धरून उभे होतो त्याच दशकात अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा हे भारतीय शास्त्रज्ञ कच्छच्या उजाड माळावर प्राचीन देवमाशांची हाडं गोळा करत होते. तिथल्या हरुडी गावाजवळच्या थरांतून घड्याळाच्या काट्याइतक्या सावकाश एकेक प्राणी बाहेर आला. रेमिंगटोनोसेटस, त्याची सोंड मगरीसारखी लांब आणि डोळे बारीक. साहनींचे विद्यार्थी सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी २००० साली कुच्छिसेटस जाहीर केला. हा पाणमांजरासारखा, शेपूट लांब आणि दणकट. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांचा उल्लेख नव्हता. पुस्तकं नेहमीच मागून येतात.

याच घराण्याच्या पुढच्या पिढ्यांत नाकपुड्या मुस्कटाच्या टोकावरून मागे मागे सरकत गेलेल्या दिसतात. आजच्या देवमाशाच्या त्या थेट डोक्यावर आहेत, तिथूनच तो फवारा सोडतो.

आता इजिप्तला जाऊ. कैरोच्या नैर्ऋत्येला वाळवंटात एक जागा आहे, वादी अल-हितान, म्हणजे देवमाशांची दरी. २००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वाळूत शेकडो सांगाडे पडलेत, सुमारे पावणेचार कोटी वर्षांपूर्वीचे. त्यातला मोठा प्राणी बॅसिलोसॉरस, पन्नास-साठ फुटांचा, पूर्ण समुद्रवासी. याचं नावही चुकीतून आलंय. अमेरिकेत मिळालेल्या पहिल्या हाडांवरून १८३४ मध्ये रिचर्ड हार्लन यांना वाटलं हा सरडा-मगरीच्या जातीचा, म्हणून 'राजसरडा' असं नाव ठेवलं. काही वर्षांनी रिचर्ड ओवेन यांनी दात पाहिले. दाढांना दोन मुळं होती, म्हणजे हा सस्तन प्राणी. पण नियमाप्रमाणे पहिलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आपल्या वर्गातल्या काहींची टोपणनावं जशी पन्नास वर्षांनी आज सकाळी पुन्हा ऐकू आली तसंच.

या बॅसिलोसॉरसचे त्या दरीत सापडलेले मागचे पाय १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नास फुटी धुडाला पाय जेमतेम सव्वा फुटाचे. पण पाय म्हणजे खरेखुरे पाय: मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, घोटा आणि तीन बोटं. त्यांच्यावर उभं राहणं शक्यच नव्हतं.

आणि पाय अजूनही पुरते गेलेले नाहीत. आजच्या देवमाशाच्या पोटात, पाठीच्या कण्यापासून सुटलेली, कमरेची दोन छोटी हाडं असतात. डॉल्फिनच्या गर्भात सुरुवातीच्या आठवड्यांत मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि मग विरून जातात. १९१९ मध्ये कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाजवळ पकडलेल्या एका देवमाशाला तर शरीराबाहेर आलेले चार फुटांहून लांब पाय होते.

आता भांडणाचा भाग. पाण्यात गेलेले हे प्राणी मुळात कोणाच्या घरचे? हाडं अभ्यासणारे म्हणत, मेसोनिकिड नावाचे खूर असलेले, मांस खाणारे जुने प्राणी होते, ते आता नामशेष झाले, त्यांचे. कारण दात हुबेहूब जुळत होते. पण रक्त तपासणारे १९५० पासून वेगळंच सांगत होते. देवमाशाच्या रक्तातली प्रथिनं गाय, डुक्कर, उंट या जोडखुरी प्राण्यांशी जुळतात म्हणे. १९९० च्या दशकात डीएनएचा अभ्यास झाला तेव्हा तर सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा निघाला. हाडंवाले म्हणाले, शक्य नाही, हाड दाखवा.

ते हाड म्हणजे घोट्याचं. गाय, बकरी, हरीण यांच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक हाड असतं. त्याच्या दोन्ही टोकांना विहिरीच्या कप्पीसारखी खोबण असते. वर एक कप्पी, खाली एक कप्पी. जोडखुरी सोडून असं हाड दुसऱ्या कोणात नसतं. सप्टेंबर २००१ मध्ये एकाच आठवड्यात दोन वेगळ्या गटांनी प्राचीन देवमाशांची घोट्याची हाडं प्रसिद्ध केली. एक गट थेविसन यांचा, दुसरा गिंगरिच यांचा. दोन्हींत दोन्ही टोकांना कप्पी होती. गिंगरिच स्वतः वर्षानुवर्षं मेसोनिकिडांच्या बाजूचे. त्यांनीच सापडवलेल्या हाडानं त्यांचं मत खोटं ठरवलं आणि त्यांनी ते जाहीरपणे बदललं. मी कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. मत बदलायला किती जड जातं हे मला माझ्यावरून माहीत आहे.

एक कडी उरली. पाण्याच्या काठावरचा तो जोडखुरी कसा असेल? याचं उत्तर डेहराडूनच्या एका घरात पडून होतं. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटजवळून हाडांनी भरलेले दगड गोळा केले होते. त्यातल्या एका छोट्या प्राण्याला त्यांनी १९७१ मध्ये इंडोह्यूस असं नाव दिलं. पण बरेचसे दगड न फोडताच राहिले आणि रंगा राव वारले. त्यांच्या पत्नीनं ते दगड वर्षानुवर्षं जपून ठेवले आणि पुढे थेविसन यांच्या हाती सोपवले. प्रयोगशाळेत साफसफाई करताना तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीचं कानाचं हाड चुकून तुटलं. तुटलेल्या कडेला बघितलं तर भिंत जाड. करंजीची मुरड! २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

इंडोह्यूस मांजरापेक्षा थोडा मोठा, दिसायला आपल्या घाटातल्या पिसोरी हरणासारखा. हाडांचा बाहेरचा थर जाड आणि जड. पाणघोड्यासारख्या पाण्यातून चालणाऱ्या प्राण्यांची हाडं अशी असतात, म्हणजे तळाला पाय टेकतात. आफ्रिकेत पिसोरीचा एक भाऊबंद आहे, तो आजही शिकारी दिसला की पाण्यात बुडी मारतो. देवमाशाच्या मूळ पुरुषानंही बहुधा तसंच केलं असेल. आधी जीव वाचवायला पाण्यात, मग तिथेच पोट भरायला.

एक खुलासा करतो, नाहीतर कोणीतरी जेवताना मला पकडेल. इंडोह्यूस, पाकिसेटस, ॲम्ब्युलोसेटस हे आजोबा, बाप, मुलगा असे एका रांगेत नाहीत. सापडलेला इंडोह्यूस तर पाकिसेटसपेक्षा थोडा अलीकडचाच आहे. हे चुलत-मावस आहेत, एकाच झाडाच्या जवळजवळच्या फांद्या. पण घराण्याचा चेहरा त्यांच्यात दिसतो.

आता शेपटीकडे येतो. बांगडा पोहतो तेव्हा त्याचं अंग डावी-उजवीकडे लवतं, म्हणून शेपटी उभी. जमिनीवर धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा मात्र वर-खाली लवतो. कुत्रा भरधाव पळताना पाठ कशी कमानीसारखी होते आणि पुन्हा सपाट होते ते बघा. पाणमांजर पाण्यात तोच झोका वापरतं. देवमाशाचे पूर्वज हा धावण्याचा झोका घेऊनच पाण्यात गेले. पाय गेले, झोका राहिला. वर-खाली मारायची म्हणून शेपटी आडवी. म्हणजे तो चालत होता याची साक्ष त्याच्या शेपटीत आहे, आणि ती बघायला कच्छला किंवा इजिप्तला जावं लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर उभं राहून एका तेरा वर्षांच्या मुलानं ती बघितली होती.

आता मला एक सांगायचंय, आणि त्यासाठीच मी हा विषय घेतला. त्याच वर्षी तालुक्याची विज्ञान निबंध स्पर्धा झाली. मी देवमाशावर लिहिलं. त्यात शेपटीचं निरीक्षण होतं, आणि ते माझं म्हणून लिहिलं होतं. परीक्षकांनी नेमकी त्याच वाक्याखाली रेघ मारली होती. पहिला नंबर आला, प्रार्थनेच्या वेळी टाळ्या वाजल्या, पेन मिळालं. तो शेवटच्या ओळीत उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुढच्या वर्षी नववीतून तो बापाच्या रापणीवर गेला आणि मी विज्ञानाकडे. सरांना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण पेन देताना ते म्हणाले होते, "निरीक्षण चांगलं आहे. कोणाचं का असेना."

रंगा रावांचं नाव इंडोह्यूसशी आज जोडलेलं आहे, कारण दगड कोणी उचलले हे लिहून ठेवलेलं होतं. इथे ते लिहायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. आज करतो. ते निरीक्षण माझं नव्हतं. मित्रा, ते तुझं होतं.

शेवटचं. या मेळाव्याची पहिली यादी माझ्याकडे आली तेव्हा त्यात एकतीस नावं होती. दहावीच्या परीक्षेला बसलेल्यांची. देवमासा बघायला गेलो तेव्हा आपण बेचाळीस होतो. मधल्या अकरांपैकी फक्त चौघांना आपण शोधू शकलो, आणि ते आज आलेत याचा मला फार आनंद आहे. शाळेच्या कार्यालयात आठवीची हजेरीपुस्तकं आहेत, मी चौकशी केलीय. माझी संयोजकांना विनंती आहे, पुढच्या वेळी यादी त्यावरून करा. शोधायला मी येईन.

वीस मिनिटं झाली. मागून वास येतोय, यावेळचा चांगला आहे.